दीर म्हणतो आयफोन, नवरा म्हणतो सॅमसंग, पैसे मात्र माझे

पत्र:

मावशी, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. घरची केळी आहे, मी घरी ब्लाऊज शिवते, आरी वर्कपण करते, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात. माझा जुना फोन आता दुपारपर्यंतसुद्धा चार्जिंग धरत नाही. भिशीचा नंबर लागला त्यातून आणि शिलाईतून मी ३८ हजार बाजूला काढलेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दीर पुण्याहून आले, ते आयटीत आहेत, म्हणे वहिनी घ्यायचा तर आयफोनच घ्या, वरचे पैसे ईएमआयवर टाका, अँड्रॉइड म्हणजे डबडं. ह्यांचं पहिल्यापासून सॅमसंग, ते म्हणे आयफोन म्हणजे नुसती शायनिंग. पुरणपोळीच्या ताटावर दोघा भावांची अशी जुंपली की दीर दुसऱ्या दिवशी सकाळीच पुण्याला निघून गेले. आता घरच्या ग्रुपवरपण दोन पार्ट्या पडल्यात. सासूबाई म्हणतात, हाऊ फोन शे का सोनाना हार शे? मी काय घेऊ, आणि ह्या दोघांचं काय करू?
– दोघांच्या मधली

उत्तर:

अगं पोरी,

तुझ्या पत्रात दीर काय म्हणाले ते आहे, नवरा काय म्हणाला ते आहे, सासूबाई काय म्हणाल्या ते तर अगदी अहिराणीत आहे, पण फोन वापरणार तू, भिशी तुझी, पैसे तुझे, आणि तुला स्वतःला काय पाहिजे ते अख्ख्या पत्रात कुठेच नाही. ब्लाऊज, आरी वर्क, व्हॉट्सॲपच्या ऑर्डरी आणि चार्जिंग एवढंच काय ते मला तुझं म्हणून सापडलं, तर त्यावरूनच बोलते.

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. आत्ता ३८ हजारांत अँड्रॉइड घे (सॅमसंगपण त्यातलाच), ईएमआय काढू नको, आणि ३८ च्या ३८ पण त्यात घालू नको. आता दीर म्हणतील की मावशीपण तिकडच्याच पार्टीच्या, तर तसं काही नाही, आयफोन चांगलाच फोन आहे आणि तो कशात चांगला आहे तेही खाली सांगणार आहे, फक्त तुझ्या कामाला आणि तुझ्या पैशाला आत्ता तो बसत नाही एवढंच.

आता ही दोघं इतकी का भांडून राहिली ते बघ. माणूस ७०-८० हजार घालून एखादी वस्तू आणतो ना, तेव्हा ती वस्तू चांगलीच आहे हे त्याला रोज स्वतःला पटवावं लागतं, आणि दुसऱ्याने तीच घेतली की त्याला बरं वाटतं, चला आपण चुकलो नाही. त्यामुळे दीर तुला सल्ला देत नव्हते, स्वतःचं बिल बरोबर ठरवत होते, आणि तुझा नवरापण तेच करत होता, फक्त त्याचं बिल छोटं होतं. आपल्याकडे भरताच्या वांग्याचं असंच आहे की, बामणोदचं वांगं म्हणणारा आसोद्याच्या वांग्याला हात लावत नाही आणि आसोद्यावाला बामणोदला नावं ठेवतो, दोघांच्याही डोळ्यावर पट्टी बांधून ताट पुढे ठेवलं तर किती जण ओळखतील ते देव जाणे. पण वांगं निदान दुसऱ्या दिवशी बदलता येतं, फोनचं तसं नसतं. एकदा का फोटो ॲपलच्या आयक्लाउडवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन कपाटात गेले, घड्याळ त्याच कंपनीचं घेतलं, ॲप विकत घेतली, की बाहेर पडायचं म्हणजे घर बदलण्याइतका व्याप, आणि मग माणूस त्या व्यापालाच प्रेम म्हणायला लागतो. अँड्रॉइडवाल्यांनी हसू नये, गुगलच्या १५ जीबीच्या ऑनलाइन जागेत सगळं आयुष्य भरून ठेवल्यावर त्यांचीपण तीच गत आहे.

आणि ज्यांच्यापायी हे दोघं ताटावरून उठले त्या कंपन्या एकमेकींशी कशा वागतात ते ऐक. आयफोन टेन २०१७ ला आला, त्याचा ओएलईडी स्क्रीन सॅमसंगने बनवून दिला होता, आणि त्यानंतरच्याही कितीतरी आयफोनांना सॅमसंगचेच स्क्रीन लागलेत, म्हणजे दीर ज्या स्क्रीनवर बोट फिरवत फिरवत सॅमसंगला डबडं म्हणतात तो स्क्रीनच सॅमसंगचा असायची दाट शक्यता. अँड्रॉइड म्हणजे फोन चालवणारं सॉफ्टवेअर, ते गुगलचं, २००५ साली त्यांनी ती छोटी कंपनी विकत घेतली, २००८ ला त्यावरचा पहिला फोन बाजारात आला, आणि त्याच गुगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, कशासाठी, तर आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये सर्च आपलंच राहावं म्हणून. अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदांतून हा आकडा बाहेर आला. रुपयात दीड लाख कोटींच्या वर जातो गं. तिकडे असा व्यवहार चाललाय आणि इकडे चोपड्यात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

बरं, नावं ठेवून ठेवून शेवटी एकमेकांचंच करतात. ॲपलने २०१६ ला आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं, सॅमसंगने जाहिराती करकरून खिल्ली उडवली आणि २०१९ ला नोट १० मधून स्वतःच काढलं. २०२० ला ॲपलने बॉक्समधला चार्जर बंद केला, सॅमसंगने परत टोमणा मारला, आणि २०२१ च्या जानेवारीत एस२१ आला तर बॉक्समध्ये चार्जर नाही. उलट बाजूनेपण तेच, मोठ्या स्क्रीनच्या फोनला स्टीव्ह जॉब्स २०१० ला नावं ठेवत होते, २०१४ ला ॲपलने आयफोन ६ प्लस काढला. चार्जिंगच्या पिनचं तर युरोपने कायदा केला तेव्हा कुठे जमलं, आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, दोन्हीकडे टाइप सी. आता तुमच्या घरात कुठलाही नवा फोन आला तरी स्वयंपाकघरातल्या त्या एकाच प्लगवर चालेल, हा मला ह्या सगळ्या भांडणातला खरा फायदा वाटतो.

अमेरिकेत ह्या निष्ठेमागे एक खरं कारण होतं ते आपल्याकडे नाहीच. तिकडे लोक फोनच्या आतल्या मेसेजमध्ये बोलतात, आयफोनवरून आयफोनला गेला तर मेसेज निळा दिसतो, अँड्रॉइडला गेला तर हिरवा, आणि हिरव्याला पाठवलेले फोटो-व्हिडिओ खराब होऊन जायचे. २०२२ ला एका कार्यक्रमात एकाने ॲपलच्या टिम कुकना विचारलं की माझ्या आईला मी धड व्हिडिओ पाठवू शकत नाही, ह्याचं काहीतरी करा, तर साहेब म्हणाले आईला आयफोन घेऊन द्या. सगळे हसले म्हणे. नंतर २०२४ ला आयओएस १८ मध्ये, म्हणजे आयफोनच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, ते बरंच सुधारलं. पण आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून केळीच्या भावापर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, तुझ्या गिऱ्हाइकाला ब्लाऊजचा फोटो गेला तर तो कुठल्या कंपनीच्या फोनातून आला हे तिला कळतसुद्धा नाही. साखरपुड्यात नवरदेवाच्या हातात कोणता फोन आहे हे मागच्या रांगेतल्या बायका बरोबर बघतात ते वेगळं.

नवऱ्याला एक विचार, सॅमसंगच्या आधी त्याच्या खिशात काय होतं? माझी पैज, नोकिया. २००३ ला नोकिया ११०० आला, वर टॉर्च, धूळ आत जाऊ नये असा कीपॅड, जगभरात २५ कोटींच्या वर खपला. आपल्याकडे लाईट रात्रीची, मोटर चालू करायला आणि पिकाला बारं द्यायला शेतात जायचं तर तोच टॉर्च दातात धरून जायचे लोक. नोकियाशिवाय दुसऱ्या फोनला हात लावणार नाही म्हणणारे गावोगाव होते. मग नोकियाचे विंडोज फोन आले, २०१४ ला नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला, आणि ते फोन बंदपण पडले. ब्लॅकबेरी, ज्याच्याशिवाय साहेब लोकांचं पान हलत नव्हतं, त्याची जुनी सर्व्हिस ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली. कोणी सुतक पाळलं का? सगळे दुसऱ्या दिवशी दुसरा फोन घेऊन मोकळे.

असो. आता तुझ्या कामाचं.

तुझा खरा प्रश्न कॅमेऱ्याचा आहे, हे तू लिहिलं नाहीस पण मला दिसतंय. रामा रंगाचं कापड ट्यूबलाइटखाली फोटोत निळं दिसतं, गिऱ्हाईक म्हणतं ताई मी रामा सांगितला होता, आणि जरीवर उजेड पडला की आरीचं बारीक काम पांढरं फट्ट होऊन जातं. हे आयफोनने आपोआप सुटणार नाही आणि सॅमसंगनेही नाही. सगळे फोन रंग थोडे आपल्या मनाने रंगवतात, पुष्कळ अँड्रॉइड फोन जास्त भडक करतात, आयफोन त्या मानाने खऱ्याच्या जवळ ठेवतो, हा आयफोनचा मान आहे आणि तो द्यायलाच पाहिजे. व्हिडिओला तर आयफोन अजूनही पुढेच, आणि इन्स्टाग्रामसारख्या ॲपमधून थेट शूट केलं तरी बिघडत नाही, कारण त्या ॲपवाल्यांना आयफोनची मोजकी मॉडेलं सांभाळायची असतात, अँड्रॉइडची हजार. पण तुला तर फोटोच पाठवायचेत. सकाळी दाराजवळ, ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर आहे अशा जागी ब्लाऊज पसरव, ट्यूब बंद कर, बाजूला साधा पांढरा कागद ठेव, स्क्रीनवर जरीच्या भागावर बोट दाबून धर आणि उजेड थोडा खाली ओढ. फोटोत कागद पांढरा दिसला तर रामापण रामाच दिसेल. ३० हजाराच्या फोनमध्ये हे मस्त येतं. आणि फोटो पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये एचडी दाबायचं विसरू नको, नाहीतर आरीचे टाके दिसायचेच नाहीत.

मग आपल्या भागाचं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे काय मी तुला सांगू, पण ॲपलच्या कागदावर फोन वापरायचं हवामान ० ते ३५ डिग्री असं लिहिलंय, आणि सॅमसंगचंही तेच. म्हणजे आपला अख्खा उन्हाळा दोघांच्याही हिशोबाबाहेर! आयफोन जास्त तापला की स्क्रीनवर सूचना देऊन चक्क काम थांबवतो, अँड्रॉइडवाले पण स्लो होतात, चार्जिंग घेत नाहीत. तर फोन ट्रॅक्टरच्या टपावर, गॅसच्या ओट्यावर आणि पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावून ठेवायचा नाही, कोणत्याही कंपनीचा असो. बॅटरी मरते ती अशीच, मला वाटतं तुझ्या जुन्या फोनची पण अशीच मेली असेल.

केळीचा चीक हातावर बसला की बोटं काळी पडतात आणि मग फोन बोट ओळखतच नाही, तुझ्या नवऱ्याला हा त्रास रोज होत असणार. तुझंपण सुईने टोचून टोचून बोटाचं टोक खरबरीत झालेलं. इथे आयफोनचं तोंड बघून उघडणं खरंच भारी आहे, अंधारातपण उघडतो, आणि बँकेच्या ॲपलासुद्धा चालतं. स्वस्तातल्या अँड्रॉइडमध्ये तोंड बघून लॉक उघडतं पण ते तेवढं पक्कं नसतं, पैशाच्या ॲपला बहुतेक बोट नाहीतर पिनच लागतो. तर दोन-तीन वेगवेगळी बोटं नोंदवून ठेव, ज्यांना सुई कमी लागते ती.

सिमचं बघ. गावात एका कंपनीची रेंज ओट्यावर येते आणि दुसरीची मळ्यात, म्हणून दोन सिम पाहिजेतच. इथल्या बहुतेक आयफोनमध्ये एक सिम घालायचं आणि दुसरं ईसिम, म्हणजे फोनच्या आतच नोंदलेलं. चालतं छान, पण फोन बंद पडला तर ते सिम काढून सासूबाईंच्या फोनात घालून तात्पुरतं काम चालवायची सोय नाही, आणि गावात हीच सोय वर्षातून दोनदा तरी कामाला येते. मेमरी कार्ड आयफोनला कधी नव्हतंच, पण अँड्रॉइडमध्येही आता सगळ्या मॉडेलला राहिलेलं नाही, तर दुकानात विचारूनच घे.

रिपेरिंगचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यावर दीर एक शब्द बोलले नसतील कारण त्यांना लागतच नाही. ॲपलचं स्वतःचं दुकान मुंबईत २०२३ ला आलं, पुण्यात २०२५ ला, दीर ऑफिस सुटल्यावर जाऊन येतील. तू एसटीने जळगावला जाणार, गोलाणी मार्केटमध्ये तीन जणांना विचारणार, लोकल स्क्रीन टाकू का ओरिजिनल म्हणून. अँड्रॉइडचा स्क्रीन तिथे संध्याकाळपर्यंत बसतो. आयफोनचाही कोणीतरी बसवून देईल, पण बाहेरचा पार्ट टाकला तर आयफोन सेटिंगमध्ये लिहून दाखवतो की हा पार्ट ओळखीचा नाही, आणि विकताना तिथेच भाव पडतो. म्हणून फोन घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच प्रश्न विचार, ह्याचा स्क्रीन फुटला तर कंपनीचा स्क्रीन टाकायला किती आणि तो कुठे टाकून मिळेल? जो गुळमुळीत उत्तर देईल त्याच्याकडून घेऊ नको.

अपडेटचं पूर्वी आयफोनवाले टोचून बोलायचे आणि बरोबर बोलायचे, २०१८ चे एक्सएस, एक्सआर हे आयफोन पार २०२५ पर्यंत नवीन आयओएस घेत होते, तेव्हा अँड्रॉइडचे फोन दोन वर्षांत म्हातारे व्हायचे. आता तसं नाही. गुगलने आपल्या पिक्सेल ८ फोनला आणि सॅमसंगने एस२४ ला सात-सात वर्षांचा शब्द दिलाय, आणि तुझ्या बजेटजवळचे सॅमसंगचे गॅलेक्सी ए३६ आणि ए५६, जे २०२५ च्या मार्चमध्ये आले, त्यांना सहा वर्षं. ए३६ आला तेव्हा ३३ हजाराच्या आतबाहेर होता. हे वाचून तुझ्या नवऱ्याने लगेच कॉलर टाइट करू नये, दुसऱ्या कंपन्यांचेही बघ, पण प्रत्येकाला विचार की अपडेट किती वर्षं आणि ते कंपनीच्या साइटवर लिहिलेलं दाखव. आणि डेमोचा फोन हातात घेऊन नुसतं वरून खाली ओढून बघ, स्वस्तातल्या पुष्कळ फोनांत नोटिफिकेशनमध्येच जाहिराती येतात, नको ती ॲप आधीच भरलेली असतात. दीर ज्याला डबडं म्हणतात ते बहुतेक हेच, आणि तिथे त्यांचं खरं आहे.

आता तो ईएमआय. "नो कॉस्ट" म्हणतात तो पूर्ण नो कॉस्ट नसतो गं, व्याज असतंच, कंपनी तेवढी सूट आधी देते म्हणून ते दिसत नाही, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण तुझी कमाई लग्नसराईची आहे, आषाढात ब्लाऊजला कोण विचारतंय, आणि हप्ता आषाढातपण येतो. आयफोन १६ई, त्यांच्यातल्या त्यांच्यात स्वस्त म्हणून आणलेला, तोसुद्धा २०२५ ला ५९ हजार ९०० ला आला. २२ हजाराच्या कर्जापायी तू रात्री जागून फॉल-पिको करत बसायचं का?

दीर जर म्हणाले की माझा जुना देतो, तर नाही म्हणू नको पण डोळे उघडे ठेवून घे. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघ, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी टाकायचा खर्च धरून चाल. त्यांनी स्वतःच्या आयडीतून साइन आउट केलंय ना ते समोर बसून बघ, नाहीतर एक दिवस फोन पासवर्ड मागेल आणि दीर मीटिंगमध्ये असतील. फार जुना असेल तर व्हॉट्सॲपच चालायचं नाही, २०२५ च्या मे पासून आयओएस १५.१ च्या खालचे आयफोन त्यांनी सोडून दिलेत, म्हणजे आयफोन ६ वगैरे गेले. आणि बाहेरच्या कोणाकडून सेकंड हँड घेत असशील तर स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढ आणि सरकारच्या संचार साथी साइटवर तपास, चोरीचा फोन ब्लॉक झालेला असेल तर तिथे कळतं. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

एक मात्र सांगते. हे सगळं वाचूनही जर तुला मनातून आयफोनच घ्यावासा वाटत असेल, दीरांच्या म्हणण्यावरून नाही, तुझं तुला, तर त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. हौस हे पण कारणच आहे, आपण पैठणी काय फक्त अंग झाकायला घेतो का? फक्त ती हौस रोख पैशाने कर. आत्ता २५-३० चा फोन घे, लग्नसराईत कमव, पुढची भिशी लाव, आणि मग जाऊन ऐटीत घे, तेव्हा मला फोटो पाठव.

राहिले दोघं भाऊ. मला नाही वाटत ते फोनवरून भांडले. एक जण पुण्याला गेला, दुसरा इथे राहून शेती आणि आई-वडील सांभाळतोय. धाकटा डबडं म्हणाला ते मोठ्याने फोनला नाही, स्वतःच्या जगण्याला ऐकलं, आणि मोठा शायनिंग म्हणाला ते धाकट्याला असं लागलं की घरी आल्यावरपण आपण पाहुणेच. हे बोलायला दोघांनाही जमत नाही, पुरुष माणसं ना, मग बिचारा फोन सापडतो मधे. ग्रुपवर तू काही लिहू नको, ग्रुपवर कधी कोणाचं मिटलंय? दीरांना वेगळा फोन कर आणि काम सांग, भाऊजी, आईच्या फोनवर तो केवायसीचा खोटा मेसेज येतो, ते सगळं बंद कसं करायचं ते जरा व्हिडिओ कॉलवर सांगा. मोठ्याला सांग की फोन घ्यायला जळगावला माझ्याबरोबर चला, पण दुकानात तोंड उघडायचं नाही. दोघांनाही काम दिलं की बडबड कमी होते हा आपला अनुभव, आणि आईच्या फोनच्या निमित्ताने भाऊ भावाशी बोलेलच, वायफायचा पासवर्ड तरी विचारावा लागेल. श्रावणात कानबाईच्या सणाला दीर येतीलच ना घरी, कानबाईला तर अमेरिकेतून माणसं येतात, पुणं काय लांब. तेव्हा फोनचा विषय कोणी काढलाच तर सासूबाईंचं वाक्य आहेच, सोनाना हारवालं, ते मोठ्याने म्हणायला सांग त्यांना.

नवा फोन घेतलास की घाई करू नको. तुझ्या गिऱ्हाइकांची मापं सगळी चॅटमध्ये असणार, छाती, कंबर, बाही, कुणाला मागचा गळा किती खोल, ते गेलं तर परत कोणाकोणाला विचारशील? व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या त्या फुकटच्या १५ जीबीतच मोजला जातो, भरलेलं असेल तर अर्धवट होईल, त्यापेक्षा दोन्ही फोन शेजारी ठेवून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधल्या ट्रान्सफर चॅट्सने क्यूआर स्कॅन करून थेट हलव. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचं झालं तर पुढे कधी, ते नवा आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच मूव्ह टू आयओएस नावाच्या ॲपने होतं, एकदा सेट करून वापरायला लागलीस की मग सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं, हे दुकानदार सांगत नाहीत. मापं तरीपण वहीत उतरवून ठेव, ही वही कुठल्याच कंपनीची नसते.

जुना फोन लगेच एक्स्चेंजमध्ये देऊ नको, बँकेची ॲप, यूपीआय, गॅसचं बुकिंग सगळं नव्यावर चालायला लागलंय ना ते आठवडाभर बघ, मग पुसून दे. आणि नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या दिवशी बहुतेक बँका पाच हजाराच्या वर पैसे जाऊ देत नाहीत, सेफ्टीसाठी असतं ते, तर लग्नाच्या ऑर्डरींचं कापड आणायला जळगावला जायचं असेल त्याच्या आदल्या दिवशी फोन बदलू नको, आणि बदललाच तर पाकिटात रोख घेऊन जा.

– तुझी मावशी